'मेली' म्हणायची घाई नको!

छंद-बिंद

आपण वस्तूंना फार पटकन मारून टाकतो. फोन 'मेला', लॅपटॉप 'गेला', मिक्सर 'खपला'. तपासणी नाही, निदान नाही, डायरेक्ट श्रद्धांजली! रात्री अकराला अॅपवर नवा मागवायचा, सकाळी जुना भंगारवाल्याच्या टेम्पोत टाकायचा. ऑफिसात तरी वेगळं काय होतं? प्रोजेक्ट अडकलं की नेमकं कुठे अडकलं हे बघायच्या आत कुणीतरी म्हणतंच, 'सोडा ना, पहिल्यापासून करू या.'

तर मंडळी, या आठवड्यात भेटू या अशा एका जमातीला, जी कुठल्याच गोष्टीला 'मेली' म्हणायला लवकर तयार होत नाही. शनिवारी दुपारी ही माणसं टेबलावर पांढरं कापड अंथरतात, दिवा जवळ ओढतात, डोळ्याला भिंग लावतात आणि साठ-सत्तर वर्षांपूर्वीचं मॉडेल ट्रेनचं इंजिन उघडून बसतात. आत असते अंगठ्याएवढी मोटर. कुणाच्या तरी माळ्यावर तीन-चार दशकं पडून राहिलेली. तेल वाळून डिंक झालेलं, तांबं काळं पडलेलं. आणि तासा-दोन तासांनी तीच मोटर कुरकुरत, खाकरत, ठिणगी टाकत फिरायला लागते. बघणाऱ्याच्या अंगावर काटा येतो राव!

हा छंद मुळात विलायती. ब्रिटन, जर्मनी, अमेरिका ही त्याची माहेरघरं. पण त्यातली मोटर मात्र तुमच्या-आमच्या अगदी ओळखीची आहे. कशी, ते बघा.

मिक्सरचं पिल्लू

घरात आईच्या तोंडून एक वाक्य तुम्ही नक्की ऐकलंय : 'मिक्सरचा कार्बन गेला वाटतं.' हा कार्बन म्हणजे मोटरीच्या फिरत्या भागाला वीज पोहोचवणारी छोटी कांडी. मोटर फिरतेय, तिला वायर कायमची जोडता येणार नाही, मग वीज द्यायची कशी? तर फिरत्या तांब्याच्या कड्यावर दोन बाजूंनी कार्बनच्या कांड्या स्प्रिंगने दाबून धरायच्या. त्या घासत राहतात, वीज जात राहते. त्या कड्याला कम्युटेटर म्हणतात आणि ते सलग नसतं, त्याचे तुकडे असतात. प्रत्येक तुकडा तांब्याच्या तारेच्या एकेका वेटोळ्याला, म्हणजे कॉइलला जोडलेला. या कॉइल गुंडाळलेला लोखंडी गाभा म्हणजे आर्मेचर. फिरता फिरता वीज एका कॉइलमधून दुसऱ्या कॉइलमध्ये जाते, बाजूचा मॅग्नेट तिला ढकलत राहतो. झाली मोटर!

जुन्या ब्रिटिश मॉडेल इंजिनात हेच सगळं असतं, फक्त पिल्लाच्या आकारात. बारा व्होल्टची डीसी वीज रुळांतून चाकांत, चाकांतून कार्बनमध्ये. उलटं जायचंय? विजेची दिशा उलटी करा. जर्मनीच्या म्यर्क्लिन कंपनीची जुनी इंजिनं याहून वेगळी. ती एसीवर चालतात, त्यांच्यात कायमचा मॅग्नेट नसतो, त्याच्या जागीही कॉइलच असते. आपल्या मिक्सरची मोटर याच घराण्यातली. आणि म्यर्क्लिनला रिव्हर्स घ्यायचं तर रुळात चोवीस व्होल्टचा एक झटका द्यायचा. झटका बसला की इंजिन दिशा बदलतं. काही बॉसही याच तत्त्वावर टीम चालवतात म्हणा. असो.

मोटरीने ठरवलेलं माप

आता थोडा इतिहास. घाबरू नका, परीक्षा नाहीये.

लिव्हरपूलच्या फ्रँक हॉर्नबी नावाच्या माणसाने १९०१ मध्ये एका खेळण्याचं पेटंट घेतलं. भोकं पाडलेल्या धातूच्या पट्ट्या आणि नटबोल्ट, जोडा हवं ते. हेच पुढे मेकॅनो म्हणून जगभर गाजलं. १९२० मध्ये त्याच्या कंपनीने चावीच्या गाड्या काढल्या आणि १९३८ मध्ये आली 'हॉर्नबी डब्लो'. डब्लो म्हणजे 'डबल ओ'. ओ मापाच्या जवळपास निम्मी. दिवाणखान्यातल्या टेबलावर मावेल अशी इलेक्ट्रिक रेल्वे. खुद्द हॉर्नबी ती बघायला नव्हता, तो १९३६ मध्येच गेला.

या ओओ मापाची गंमत ऐका. युरोपात छोट्या गाड्यांचं माप आहे १:८७. रुळांमधलं अंतर १६.५ मिलिमीटर. ब्रिटनमध्ये रूळ तेवढेच, १६.५ मिलिमीटर. पण त्यावरची गाडी मात्र १:७६, म्हणजे रुळांच्या मानाने जरा थोराड. असं का? कारण ब्रिटनची खरी इंजिनंच अंगाने बारीक. तिथले बोगदे आणि पूल अरुंद, त्यामुळे गाड्याही सडपातळ. १:८७ ने लहान केलं तर त्या काळची मोटर आत मावेना! मग काय, मोटर लहान होत नाही तर इंजिनच थोडं मोठं करू या, असं ठरलं. आजही ब्रिटनमध्ये मिळणारी बहुतेक मॉडेल इंजिनं याच मापात बनतात. आता मोटरी कितीतरी लहान झाल्या आहेत. माप मात्र तेच राहिलं. शंभर वर्षांपूर्वीच्या मोटरीचं पोट अजून सगळ्या छंदाचं माप ठरवतंय, बोला!

दुसरं महायुद्ध संपल्यावर मैदानात आली ट्राय-अँग. लाइन्स ब्रदर्स या खेळणी कंपनीचा हा ब्रँड. १९५० च्या नाताळात रोव्हेक्स नावाच्या एका छोट्या कंपनीने मार्क्स अँड स्पेन्सरसाठी 'प्रिन्सेस एलिझाबेथ' इंजिनाचा सेट बनवला होता. पुढच्याच वर्षी लाइन्सने रोव्हेक्स विकत घेतली. नंतर केंट परगण्यात समुद्रकाठच्या मार्गेट गावात मोठा कारखाना उभा राहिला. ट्राय-अँगचा फंडा सोपा होता : स्वस्त द्या, प्लॅस्टिकचं द्या, म्हणजे साध्या घरातल्या पोरालाही परवडेल. ती इतकी चालली की १९६४ मध्ये लाइन्सने खुद्द मेकॅनो कंपनीच गिळली. १९७१ मध्ये लाइन्सचाही डोलारा कोसळला, आणि १९७२ पासून मार्गेटच्या गाड्यांवर पुन्हा फक्त 'हॉर्नबी' हे नाव आलं. नव्वदच्या दशकात उत्पादन चीनला गेलं. कॉर्पोरेट टेकओव्हरची गोष्ट हवी असेल तर खेळण्यांच्या धंद्याइतकी मसालेदार दुसरीकडे कुठे मिळायची नाही.

या सगळ्या उलथापालथीत एक गोष्ट मात्र वर्षानुवर्षं तशीच राहिली. ट्राय-अँगची 'एक्स-०४' मोटर. पन्नासच्या दशकात आलेली ही साधीसुधी, सगळीकडून उघडी मोटर सत्तरच्या दशकापर्यंत एकामागून एक इंजिनांत बसत गेली. आर्मेचरला तीन दात, मागे ठोकळ्यासारखा मॅग्नेट, दोन कार्बन, आणि दोन्हींना दाबून धरणारी एकच वाकवलेली तार. बस्स! स्क्रूड्रायव्हर हाताशी असला की उघडली. दुकानदारांकडे तिचे दुरुस्तीचे कागद असायचे, कुठला भाग कुठे बसतो याच्या आकृत्यांसकट. पोराची गाडी बंद पडली तर बाप शनिवारी दुकानात जायचा, काही पैशांचे कार्बन आणायचा, आणि संध्याकाळी गाडी रुळावर.

इथेच या गोष्टीची मेख आहे. आज या मोटरी वाचतात त्याचं श्रेय वाचवणाऱ्यांच्या हुशारीला आहेच. पण त्याहून मोठं श्रेय त्या वेळच्या डिझायनरला आहे, ज्याने ती उघडता येईल अशी केली. अनेक इंजिनांत एकच मोटर वापरली म्हणून तिचे सुटे भाग आजही बनतात आणि विकले जातात. मूळ कंपनी बुडूनही!

आधी मीटर लाव

माझा एक मित्र आहे. आयटीवाला, मूळचा सांगलीकडचा. प्रोजेक्टसाठी दीड वर्षं इंग्लंडात होता. तिथे रविवारी सकाळी 'कार बूट सेल' भरतात. मैदानात गाड्या लावायच्या, डिकी उघडायची आणि घरातलं जुनं सामान विकायचं. आपला जुना बाजारच, फक्त थंडीतला. तिथून याने एक काळं टँक इंजिन उचललं, बाहेरच्या एका जेवणाच्या पैशांत. पोटाखाली चिकटपट्टी, त्यावर कुण्या पोराने पेनाने लिहिलेलं नाव, अर्धं पुसलेलं. विकणारा म्हणाला, चालत नाही हं, शोपीस म्हणून ठेव.

चालत नव्हतंच. म्हणजे बोटाने चाक ढकललं तर मोटर कधी कधी उचकी लागल्यासारखी फिरायची आणि थांबायची. मित्राने नेटवर शोधलं. आजकाल छोटी, बंद डब्याची नवी मोटर मिळते, ती जुनी काढून तिथे बसवता येते. तासाभराचं काम. ऑर्डर टाकायच्या आधी त्याने सहज घरी व्हिडिओ कॉल लावला. त्याच्या वडिलांचं तीसेक वर्षं मोटर रिवाइंडिंगचं दुकान होतं. शेतातले पंप, पंखे, मिक्सर. गिऱ्हाईक कमी होत गेलं. नवा मिक्सर घेणं लोकांना रिवाइंडिंगपेक्षा सोपं वाटायला लागलं. शेवटी दुकान बंद केलं. या पोराने दुकानात कधी हात काळे केले नव्हते. त्याने कॉम्प्युटर शिकावा हीच वडिलांची इच्छा.

'बाबा, ही बघा. बदलूनच टाकतो सरळ.'

'कॅमेरा जवळ ने. अजून जवळ. अरे, हे तर मिक्सरचं पिल्लू! बदलतोस कशाला? आधी मीटर लाव.'

मीटर लावायचा म्हणजे मल्टिमीटरने ओहम मोजायचे. कम्युटेटरला तीन तुकडे. पहिला-दुसरा, दुसरा-तिसरा, तिसरा-पहिला, असे तीन आकडे घ्यायचे. मोटर ठणठणीत असेल तर तिन्ही आकडे जवळपास सारखे येतात. इथे दोन सारखे आले आणि तिसरा बरोबर दुप्पट.

'दुप्पट आला ना? म्हणजे एक कॉइल तुटलीय. बाकीच्या दोन शाबूत आहेत. आता भिंग घे आणि तार तुकड्याला जिथे जोडलीय तिथे बघ. तुटते ती तिथेच, आत नाही.'

आणि खरंच! केसाएवढी तार टोकाशी सुटलेली. आधी तारेवरचं इनॅमल पात्याने हळूच खरवडलं, मग सोल्डरिंग आयर्नचा एक स्पर्श. पुन्हा मीटर. तीन आकडे, तिन्ही सारखे.

हा दुपटीचा हिशेब जादूचा नाही बरं का. तीन कॉइल त्रिकोणासारख्या जोडलेल्या असतात. धडधाकट मोटरीत कुठल्याही दोन टोकांमध्ये विजेला दोन वाटा मिळतात, एका कॉइलमधून सरळ आणि उरलेल्या दोघींमधून वळसा घालून. एक कॉइल तुटली की तिच्या टोकांमध्ये फक्त वळशाची वाट उरते, म्हणून तिथे दोन कॉइलींचा पूर्ण रेझिस्टन्स दिसतो. बाकी दोन ठिकाणी एकेकीचाच. म्हणून एक आकडा दुप्पट. वडिलांनी हे सूत्र कधी कागदावर मांडलं नव्हतं. हाताने हजारो मोटरी मोजून मांडलं होतं.

त्या दिवसानंतर दर रविवारी कॉल. भाषा तीच : 'ब्रश बघ', 'बुश बघ', 'तेल किती घातलंस? पुसून काढ आधी!' नवी मोटर काही आली नाही. दुकान बंद झालं तेव्हा जे शिकवायचं राहून गेलं होतं, ते बारा व्होल्टच्या खेळण्यावर शिकवून झालं.

उघडल्यावर काय दिसतं?

अशा मोटरींचा 'मृत्यू' बहुतेक वेळा अगदी साध्या कारणाने झालेला असतो. अनुभवी मंडळी एक क्रम पाळतात. स्वस्त आणि सोपं कारण आधी, महाग आणि अवघड शेवटी.

सगळ्यात पहिला संशयित तेल. तेल वाळलं की चिकट होतं आणि आर्मेचर जागच्या जागी अडकतं. आयसोप्रोपिल अल्कोहोलने ते पुसून काढायचं.

दुसरा, कम्युटेटर. कार्बनची भुकटी तांब्यावर काळा थर धरते, आणि तीन तुकड्यांमधल्या फटींत जाऊन बसते. भुकटी वीज वाहून नेते, म्हणजे फटी बुजल्या की तुकडे आपसांत जोडले जातात आणि मोटर गरम होते. इलाज काय? अल्कोहोलमध्ये बुडवलेला कापसाचा बोळा, आणि फटींसाठी चक्क टूथपिक! लाकडाचं, म्हणजे तांब्याला ओरखडा नाही.

तिसरा, कार्बन. झिजून आखूड झाले तर स्प्रिंग पोहोचत नाही. बदलायचे. एक्स-०४ मध्ये इथे एक खोच आहे. दोन्ही कार्बनना दाबणारी ती वाकडी तार एकच असल्याने तिच्या एका पायावर इन्सुलेशनची बारीक नळी चढवलेली असते. ती नळी हरवली की वीज कार्बनमधून मोटरीत न जाता तारेतूनच पलीकडे निघून जाते. सरळ शॉर्ट. दिसायला कणभर नळी, पण तिच्यावाचून इंजिन जागचं हलत नाही.

चौथा, मॅग्नेट. आणि हा सगळ्यात फसवा.

दमलेला मॅग्नेट उधळतो

आपल्याला वाटतं, मॅग्नेट कमजोर झाला की मोटर हळू चालेल. होतं उलटंच. इंजिन हातात धरा, चाकं भन्नाट वेगाने फिरतात. रुळावर ठेवून चार डबे जोडा, की दम संपला! वीज जास्त खाते, तापते, आणि ओढत काहीच नाही.

याचं कारण असं. मोटर फिरायला लागली की ती स्वतःच थोडी वीज तयार करते, आणि ती बाहेरून येणाऱ्या विजेला अडवते. मोटरीच्या वेगाला हाच लगाम असतो. मॅग्नेट जोरदार असला की कमी वेगातच लगाम आवळला जातो. मॅग्नेट दमला की लगाम सैल पडतो, मोटर उधळते, पण ताकद नसते. सकाळपासून भिरभिर धावणारा आणि संध्याकाळी एकही फाइल पुढे न सरकवलेला सहकारी आठवला ना? तस्संच.

आणि मॅग्नेट दमतो कशाने? कित्येकदा दुरुस्ती करणाऱ्यामुळेच! त्या काळचे चुंबक अॅल्युमिनियम, निकेल आणि कोबाल्ट असलेल्या मिश्रधातूचे, म्हणजे अॅल्निकोचे. त्यांच्या दोन टोकांमध्ये लोखंड असेल तर ते टिकतात. मोटरीत ते काम आर्मेचर करतं. आर्मेचर बाहेर काढलं आणि मॅग्नेट तसाच उघडा ठेवला, तर त्याचा जोर कमी होतो. म्हणून जाणकार आर्मेचर काढताना त्या जागी पोलादाचा तुकडा सरकवतात. याला म्हणतात 'कीपर'. नाव छान आहे ना? राखणारा.

जोर गेलाच असेल तर दोन रस्ते. एक, मोठ्या कॉइलच्या यंत्रात धरून मॅग्नेट पुन्हा भरून घ्यायचा. ब्रिटनमध्ये हे काम करून देणारे हौशी लोक आहेत. दुसरा, निओडिमियमचा नवा छोटा मॅग्नेट बसवायचा. ऐंशीच्या दशकात शोध लागलेला हा चुंबक आकाराच्या मानाने भयंकर ताकदवान. तो घातला की म्हातारं इंजिन कमी विजेत, शांतपणे, सावकाश चालतं. तरुणपणी कधी चाललं नसेल इतकं छान.

पण मग ते तेच इंजिन का?

इथे या छंदात वादाला तोंड फुटतं. एक गट म्हणतो, मूळचं तेच ठेवा. कार्बन बदला, तेल बदला, ते मुळातच झिजायचे भाग आहेत. पण मॅग्नेट, आर्मेचर, मोटर बदललीत तर उरलं काय? रंगवलेलं टोपण! दुसरा गट म्हणतो, गाडी चालण्यासाठी असते, कपाटात पुजण्यासाठी नाही. आतमध्ये काय आहे ते बघायला कोण जातंय?

दोघांचंही बरोबर आहे, असं म्हणून मी सुटू शकलो असतो. पण माझं मत सांगतो. बदलायला हरकत नाही, फक्त परत फिरता आलं पाहिजे. नवी मोटर बसवा, पण त्यासाठी चेसिस कापू नका, भोकं पाडू नका. जुनी मोटर डबीत घालून, चिठ्ठी लावून ठेवून द्या. पुढे कुणाला तरी ती पुन्हा बसवावीशी वाटेल, तेवढी वाट मोकळी ठेवा. चांगल्या दुरुस्तीची हीच खूण, की तुमच्यानंतर येणाऱ्यालाही काम करता यावं.

आणि काही गोष्टी वाचत नाहीत, हेही शिकावं लागतं. युद्धाआधीच्या गाड्यांचे काही ओतीव भाग जस्ताच्या मिश्रधातूचे आहेत. त्यात ओतताना शिसं मिसळलं गेलं असेल तर धातू आतून फुगतो, तडकतो आणि शेवटी बिस्किटासारखा चुरतो. इंग्रजीत त्याला 'झिंक पेस्ट' म्हणतात, जस्ताला लागलेली कीडच. तिला औषध नाही, ना तेल, ना गोंद. शहाणा माणस तिथे थांबतो. तडकलेला भाग वेगळा ठेवतो, त्याच्या मापाचा नवा बनवतो, आणि मोटर वाचवतो. मेलं काय आणि जिवंत काय, हे तपासूनच ठरवतो. फरक तेवढाच.

सेलिब्रिटी कॉर्नर

हे सगळं पेन्शनर आजोबांचं काम आहे असं वाटतंय? मग ऐका. रॉकस्टार रॉड स्टुअर्टने दोन दशकांहून जास्त काळ खपून लॉस एंजेलिसच्या घरात चाळीसच्या दशकातल्या अमेरिकन शहराची महाप्रचंड रेल्वे उभी केली. ती त्याने २०१९ मध्ये एका ब्रिटिश रेल्वे मॉडेल मासिकात जगाला दाखवली. इमारती बहुतेक स्वतःच्या हाताने केलेल्या. पण वायरिंगचं काम आपल्याला जमत नाही, ते दुसऱ्याकडून करून घेतलं, हे त्याने रेडिओवर मोकळेपणाने सांगितलं. बघा, सुपरस्टारलाही वायरमन लागतो!

गायक नील यंगची गोष्ट आणखी वेगळी. त्याच्या मुलाला सेरेब्रल पाल्सी होती. मुलाला स्वतः गाडी चालवता यावी म्हणून त्याने मोठ्या बटणाचे खास कंट्रोल बनवून घेतले. या नादात तो इतका गुंतला की १९९५ मध्ये अमेरिकेची १९०० सालापासूनची नामांकित लायनेल ट्रेन कंपनी विकत घेणाऱ्या गटात सामील झाला.

मग आपण काय करायचं?

आता तुम्ही म्हणाल, आमच्या वन बीएचकेमध्ये रेल्वे कुठे टाकू? बरोबर आहे. पण टाकायलाच हवी असं कोण म्हणतंय? एक इंजिन, एक मीटर रूळ, एक टेबल. दुरुस्तीला एवढं पुरतं. आणि गाड्या धावताना बघायच्या असतील तर पुण्यात कोथरूडला भाऊ जोशी यांनी उभारलेलं मिनिएचर रेल्वेचं म्युझियम आहे, १९९८ मध्ये सुरू झालेलं. मुंबईकरांनो, एक डे-ट्रिप होऊन जाऊ दे. वेळा आधी फोन करून विचारा.

सुरुवात करायची असेल तर ही घ्या यादी :

* साधा मल्टिमीटर. आधी मीटर, मग मत.
* बारीक स्क्रूड्रायव्हरचा सेट, चिमटा, भिंग आणि स्क्रू ठेवायला झाकणाच्या डब्या.
* आयसोप्रोपिल अल्कोहोल, कापूस, टूथपिक. अल्कोहोल पेट घेतं, तेव्हा खिडकी उघडी आणि सिगारेट बंद!
* शिलाई मशीनचं तेल. सुईच्या टोकावर येईल तेवढाच थेंब, तोही बेअरिंगवर. कम्युटेटरवर तेल गेलं की कार्बनच्या भुकटीचा चिखल होतो. कडी-कुलपाला मारतो तो स्प्रे इथे नको.
* नवा, चांगल्या कंपनीचा बारा व्होल्टचा कंट्रोलर. जुन्या सेटबरोबर आलेला ट्रान्सफॉर्मर कितीही गोड दिसला तरी घरच्या प्लगला लावू नका. त्याच्या वायरवरचं रबर तडकलेलं असतं आणि आपल्याकडचे २३० व्होल्ट कुणाचे नातेवाईक नाहीत.
* उघडताना प्रत्येक टप्प्यावर मोबाइलने फोटो. जोडताना तेच उलट्या क्रमाने बघा.
* मोटर सुरू झाली की लगेच फुल स्पीड नको. अर्ध्या वेगाने अर्धा तास पुढे, अर्धा तास मागे.

आणि मॉडेल ट्रेन नाहीच मिळाली, तर? घरात मिक्सर आहेच. पुढच्या वेळी तो बंद पडला की लगेच अॅप उघडू नका. आधी मिक्सरचा प्लग काढून ठेवा आणि जवळच्या रिपेअरवाल्या काकांकडे घेऊन जा. त्यांना विचारा, 'काका, उघडताना मी बघत थांबलो तर चालेल?' बहुतेक काका खूश होऊन स्टूल पुढे सरकवतात. अशी दुकानं झपाट्याने कमी होताहेत. सरकारनेही डिसेंबर २०२२ मध्ये 'राइट टु रिपेअर'चं पोर्टल सुरू केलंय आणि युरोपने २०२४ मध्ये त्यासाठी कायदा केलाय. म्हणजे दुरुस्त करता येणं हा आता हक्काचा विषय झालाय. पण नुसत्या हक्काने काय होणार? उघडणारे हात हवेत, आणि उघडतील अशा वस्तू हव्यात.

म्हणून नवीन काही घेताना दुकानदाराला आणखी एक प्रश्न विचारून बघा. मेगापिक्सेल किती, वॉट किती, हे सगळं विचारून झाल्यावर. 'ही वस्तू उघडते का हो?'

उत्तर ऐकून ठरवा. हॅपी वीकेंड!